तुझी पावभाजी कोणती?

"मावशी, मी गोव्यातल्या साखळीची, वय २९. पणजीतल्या एका हॉटेलात अकाउंट्सला आहे. कंत्राटी नोकरी, पगार २१ हजार. चार वर्षांपासून कावीची, म्हणजे जुन्या देवळांच्या भिंतींवरच्या लाल-पांढऱ्या नक्षीची चित्रं काढते, एमडीएफच्या फळीवर आणि लाकडावर. त्यातल्या घराच्या नावाच्या पाट्या लोकांना आवडतात. गेल्या वर्षभरात ३४ पाट्या विकल्या, १२०० रुपयांना एक. सामान, पॅकिंग, पेट्रोल धरून ७०० खर्च येतो आणि एका पाटीला तीन संध्याकाळी, म्हणजे नऊएक तास लागतात. धंदा करणाऱ्यांच्या मुलाखती मी रोज बघते. सगळे सांगतात, एक दिवस नोकरी सोडली, मनाचं ऐकलं आणि सुरुवात झाली. माझी शिल्लक १ लाख ८५ हजार. पणजीत एक गाळा बघून ठेवलाय, भाडं १६ हजार, डिपॉझिट ५० हजार. एक बुटीकवाली ४० टक्के कमिशनवर माल ठेवायला तयार आहे. आई म्हणते सरकारी कर्ज काढ, बाबा म्हणतात आधी लग्न कर. मला फक्त एवढंच सांगा, या सगळ्या लोकांनी सुरुवात नेमकी केली कशी?" — एक वाचक, साखळी

बाय,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाळ्याच्या भाड्यापाशी अडकले. दुसऱ्यांदा ३४ या आकड्यापाशी थांबले. तू तो आकडा चहात साखर घालावी तसा सहज घालून पुढे गेलीस, पण तुझ्या पत्रात खरी बातमी तीच आहे. त्याच्याकडे येतेच, आधी तुझ्या प्रश्नाचं बघू.

मुलाखतीतली माणसं खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. त्यांना अर्धा तास मिळतो. अर्ध्या तासात कोण सांगत बसणार की पहिली तीन वर्षं घरातला गॅस बायकोच्या पगारावर पेटत होता? नोकरी सोडल्याचा दिवस सांगायला सोपा, त्याला तारीख असते, साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवल्याचं चित्र असतं. उधारी मागत फिरलेल्या दुपारींना तारीख नसते, म्हणून त्या गोष्टीतून गळतात. मी म्हापशात २६ वर्षं स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा केला. मलाही कुणी विचारलं की मी पहिल्या मशीनचीच गोष्ट सांगते. पहिल्या मशीनच्या हप्त्यांची सांगत नाही.

म्हणून अशी गोष्ट ऐकताना मी मनात एकच प्रश्न विचारते: यांची पावभाजी कोणती होती?

पावभाजी कुठून आली ते सांगते. नॅचरल आइस्क्रीमचे रघुनंदन कामत मंगळूरकडच्या एका फळविक्रेत्याचे चिरंजीव. १९८४ साली त्यांनी मुंबईत जुहूला दुकान काढलं. खऱ्या फळांचं, घट्ट दुधाचं आइस्क्रीम विकायचं हे स्वप्न. पण नुसतं आइस्क्रीम खायला तेव्हा त्या दुकानात कोण वाट वाकडी करून येणार? म्हणून त्यांनी पावभाजी ठेवली. लोक पावभाजी खायला यायचे, तोंड पोळलं की आइस्क्रीम मागायचे. आइस्क्रीमसाठी म्हणूनच माणसं येऊ लागली तेव्हा पावभाजी बंद केली. आज सीताफळ आइस्क्रीमची वाटी हातात घेऊन कुणी त्या पावभाजीची आठवण काढत नाही. पण पहिल्या दिवसांत दुकानाचं शटर तिनं वर ठेवलं होतं.

आता हा चष्मा लावून इतरांकडे बघ. साखळीहून चोर्ल्याचा घाट चढलं की बेळगाव. तिथे १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली. नांगर, पंप, कारखाना हे सगळं नंतरचं. लक्ष्मणराव स्वतः मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. मुंबईहून सायकली घेऊन पाठवायच्या आणि बेळगावात भावानं त्या विकायच्या, लोकांना चालवायला शिकवायच्या, असा दोघा भावांचा संसार. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे दुकान आधी, राजीनामा नंतर. पुढे लोखंडी नांगर केला, तर शेतकरी हात लावेनात. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. ते नांगर खपेपर्यंत घर कशावर चाललं असेल? छोट्या-मोठ्या यंत्रांवर, दुरुस्तीवर. नांगराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, सायकलची फार थोड्यांना.

आणि आपल्या कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स. कुणबी साडीला त्यांनी नवं आयुष्य दिलं, २०१४ साली पद्मश्री मिळाली, हे तुला माहीत असणार. पण कपड्यांकडे वळण्याआधी हा माणूस मस्कतमध्ये नोकरीला होता, तीही ऑफिसर्स क्लबच्या खानपानाच्या व्यवस्थेत. त्या पगारातून साठवलेल्या पैशांवर ते अमेरिकेत आणि पॅरिसला फॅशनचं शिकायला गेले. तुझ्यासारखीच हॉटेलच्या जवळपासची नोकरी, बघ. गोव्यातल्या किती घरांच्या भिंती आखातातल्या पगारावर उभ्या आहेत ते तुला मी सांगायला नको. एका मोठ्या कलाकाराचा पायाही त्याच चिऱ्यांचा होता, एवढंच.

पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत म्युझियम ऑफ गोवा उभं करणारे सुबोध केरकर तर डॉक्टर. चित्रकाराच्या घरात जन्मलेले, तरी आधी डॉक्टरकी केली. त्यांची पावभाजी स्टेथोस्कोप होती.

तुझ्या आईला आवडेल अशी एक गोष्ट लिज्जतची. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. हे सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्येही सांगतात. मला त्यातला दुसराच भाग आवडतो. पहिल्या वर्षी पावसाळ्यात त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पापड वाळणार कसे? दुसऱ्या वर्षी त्यांनी खाटा आणल्या, खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. धंदा सुरू झाला तो ८० रुपयांनी, हे खरं. पण मला विचारशील तर तो धंदा झाला त्या खाटेखालच्या शेगडीनं. पावसाचं आपण नंतर बोलू, कारण तुझ्या मालाचाही पावसाशी हिशेब व्हायचा आहे.

माझी पावभाजी लग्नपत्रिका. मला करायच्या होत्या हातकागदाच्या डायऱ्या, वर आपल्याकडच्या पाना-फुलांची छपाई. केल्या काय तर लग्नपत्रिका, जत्रेच्या पावत्या, पसरकारांची, म्हणजे दुकानदारांची बिलबुकं आणि निवडणुकीच्या वर्षी जे काय काय छापतात ते. पाच वर्षं घरच्या पडवीत काम केलं. मग मला घाई झाली. डायऱ्यांसाठी म्हापशात वेगळं दुकान घेतलं, काचेचं शोकेस, पिवळा दिवा, सगळं मनासारखं. मृग लागला आणि हवेतली ओल कागदात शिरली. ऑगस्टपर्यंत डायऱ्यांचे पुठ्ठे पापडासारखे वाकले. दुकान १४ महिने चाललं. त्या १४ महिन्यांत पडवीतल्या लग्नपत्रिकांनी शोकेसचं भाडं भरलं आणि मला त्यांचीच लाज वाटायची. ही लाज मात्र तू धरू नकोस.

आता तुझ्या वहीकडे येऊ. तू अकाउंट्सची मुलगी, तरी हा हिशेब तू मांडला नाहीस. मला वाटतं मुद्दामच मांडला नाहीस.

एका पाटीमागे उरतात ५०० रुपये. ३४ पाट्यांचे १७ हजार. म्हणजे वर्षभर रात्री जागून जे कमावलंस ते तुझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा कमी. तास धरलेस तर ३०६. तासाला पंचावन्न-छप्पन्न रुपये. बुटीकवालीकडे ठेवलीस तर १२०० तले ४८० तिचे, तुझ्या हातात ७२०, त्यातून खर्च ७०० गेला की नऊ तासांचे २० रुपये. बाय, वीस रुपयांत साखळीच्या बसस्टँडवर चहा आणि भजी तरी येतात का गं आता?

बुटीकवाली लुटते असं मला म्हणायचं नाही. तिला जागेचं भाडं आहे, दिवे आहेत, पाऊस आहे. दुकानं ३०-४० टक्के मागतातच. चूक १२०० या आकड्यात आहे. हा आकडा कुठून आला ते तू लिहिलं नाहीस, पण मी सांगते. पहिली पाटी कुणा मैत्रिणीला दिलीस, तिला सांगताना जीभ अडखळली, तोंडातून बाराशे निघालं आणि मग तोच भाव पडला. बरोबर?

पुढच्या पाच गिऱ्हाइकांना २२०० सांग. सांगून गप्प बस, लगेच "पण तुमच्यासाठी कमी करते" म्हणू नकोस. पाचांतल्या तिघांनी पाठ फिरवली तरी बघ काय होतं ते. दोन पाट्यांवर प्रत्येकी १५०० सुटले तर ३०००. जुन्या भावानं पाचही पाट्या गेल्या असत्या तर २५०० सुटले असते. म्हणजे तीन गिऱ्हाइकं गमावून ५०० जास्त, आणि २७ तास वाचले ते वेगळेच. त्या २७ तासांत झोप. तुझ्या पत्राखाली पाठवल्याची वेळ रात्री पावणेदोनची आहे.

आता गाळा. १ लाख ८५ हजारांतून ५० हजार डिपॉझिट गेलं, राहिले १ लाख ३५ हजार. सोळा हजारांनी भागलंस तर आठ महिने आणि थोडे. यात दिव्याचं बिल नाही, फर्निचर नाही, तुझा पणजीला यायचा-जायचा खर्च नाही, तुझं जेवणही नाही. सीझन धरायचा म्हणून ऑक्टोबरात उघडलंस तर मे संपताना पैसे संपतात. म्हणजे बरोब्बर पर्यटक परतून रस्ते मोकळे व्हायच्या आणि पाऊस यायच्या वेळी. नव्या भावानंसुद्धा नुसत्या भाड्यासाठी महिन्याला ११ पाट्या लागतील. अकरा नव्वे नव्व्याण्णव तास, फक्त मालकाच्या खिशासाठी. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत बसलीस तर हे तास आणणार कुठून?

आणि पाटी ही वाटेत दिसली म्हणून घ्यायची वस्तू नव्हे. दिल्लीहून आलेला पाहुणा पणजीत फिरताना फ्रिजवरचं चुंबक घेतो, काजू घेतो. स्वतःच्या घराच्या नावाची पाटी तिथल्या तिथे लिहून घ्यायला तो थांबत नाही. आपल्याकडचा पदेर बघ. कित्येक पिढ्या पाव विकतोय, पण पहाटे सायकलवर भोंपू वाजवत दारात येतो तोच. पाव खाणारं माणूस कुठे झोपलंय ते त्याला ठाऊक असतं. तुझं गिऱ्हाईक कुठे आहे? जिथे घर बांधून होतंय तिथे. घराला सगळ्यांत शेवटी लागते ती पाटी, आणि ती आठवते वास्तुशांतीच्या आठवडाभर आधी. ही गोष्ट कुणाला माहीत असते? सुताराला, फरशी बसवणाऱ्याला, वायरिंगवाल्याला, भटजींना. डिचोली ते फोंडा या पट्ट्यातल्या अशा दहा जणांना एकेक नमुना आणि फोन नंबर देऊन ठेव. गाळ्याच्या एका महिन्याच्या भाड्यात हे सगळं बसतं.

चवथीच्या आधी घराला रंग काढतात, तेव्हाही जुनी पाटी उतरते. ती परत चढवताना माणूस जरा विचारात पडतो. तुझा दुसरा मोसम तो.

दुकान हवंच असेल तर चार दिवसांचं घे. पणजीत अष्टमीची फेरी भरते, जानेवारीत लोकोत्सव असतो, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाला बाहेरचे लोक येतात, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तर दर आठवड्याला आहे. प्रत्येक ठिकाणचं गिऱ्हाईक वेगळं. फेरीत लोक भाव करतील, लोकोत्सवात घरगुती बायका पाटी उलटून मागची बाजू बघतील, डिसेंबरातले लोक तुला कावी म्हणजे काय ते विचारतील. तिन्ही प्रकारचे लोक काय बोलतात ते वहीत लिहून घे. त्या वहीची किंमत पुढे कळेल. शिवाय फेरीत गर्दीच्या नादात दोन ट्रे, चार कीचेन खपतात. ती तुझी छोटी पावभाजी. तिला नाक मुरडू नकोस.

कावीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथे तू स्वतःला कमी लेखतेस आणि थोडी फसवतेसही.

खऱ्या कावीत रंग लावून चित्र काढत नाहीत, ते खरवडून काढतात. शिंपल्यांचा चुना मुरवून, कुटून, त्याचा गिलावा भिंतीला करायचा. त्यावर लाल काव मिसळलेला थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार हत्यारानं वरचा लाल थर खरवडायचा, की खालचा पांढरा चुना दिसू लागतो. दोनच रंग, आणि चूक झाली तर खोडायची सोय नाही. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात अजून बघायला मिळतं. कोकणपट्टीतल्या अशा किती भिंती जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंटखाली आणि बाथरूमच्या टाइल्सखाली गेल्या त्याची मोजदाद नाही. (देवळाच्या गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स लावणाऱ्या समित्यांवर मी एक अख्खं सदर लिहू शकते, पण संपादक नको म्हणतात.)

तू करतेस ते ॲक्रिलिकनं एमडीएफवर. सुंदर असेल, पण ती कावी नव्हे, कावीच्या नक्षीवरून केलेलं काम आहे. पाटीमागे तसं लिही, "कावी शैलीतील रंगकाम", आणि दोन ओळींत खरी कावी कशी करतात ते लिहिलेलं कार्ड सोबत दे. यानं भाव कमी होत नाही, उलट वाढतो. माणसाला पाहुण्यांना सांगायला गोष्ट मिळते. आणि उद्या कुणी जाणकार भेटला तर तुझी मान खाली जात नाही.

दुसरं, एमडीएफ म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा. फाटकावर लावलेली पाटी आपल्या पावसात एक जून काढेल, दुसऱ्या जूनला कडा फुगतील. ३४ पाट्यांतल्या किती बाहेर लागल्या आहेत? त्या घेणाऱ्यांना या आठवड्यात फोन कर आणि फोटो मागव. फुगलेली दिसली तर गिऱ्हाइकानं मागायच्या आधी बदलून दे, सागाच्या तुकड्यावर करून. लक्षात ठेव, तुझी स्पर्धा दुसऱ्या चित्रकाराशी नाही, आझुलेजूच्या टाइलशी आहे. निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या त्या पाट्या गोव्यात दारोदार दिसतात, कारण भट्टीत भाजलेल्या त्या झिलईला पाऊस काही करू शकत नाही. लिज्जतच्या बायकांनी खाट आणि शेगडी शोधली. तुझी शेगडी म्हणजे पावसात टिकणारी पाटी. कुठलं लाकूड, कुठलं वॉर्निश, मागची बाजू कशी बंद करायची, हे सगळं येत्या पावसाळ्यात स्वतःच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर सहा तुकडे टांगून बघ. सहा वेगळे प्रकार, प्रत्येकावर तारीख. असली परीक्षा कुठल्याच मुलाखतीत दाखवत नाहीत, कारण बघायला कंटाळवाणी असते.

आणि जमलं तर चुन्याचं काम करणारा एखादा जुना गवंडी शोधून त्याच्या हाताखाली सुट्टीच्या दिवशी जा. जुनी घरं दुरुस्त करून घेणारे लोक आणि त्यांचे आर्किटेक्ट गोव्यात आहेत. त्यांना चुन्याच्या भिंतीवर खरी कावी करून देणारा हात हवा असतो आणि तो सहजी मिळत नाही. त्याला दोन-तीन वर्षं लागतील. लागू देत, तोवर पाट्या आहेत.

कर्जाचं थोडक्यात सांगते. आईला सांग, तिचं म्हणणं चुकीचं नाही, वेळ चुकीची आहे. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मितीच्या योजनेत ग्रामीण भागातल्या बाईला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात, शहरी भाग असेल तर अनुदान २५ टक्के. ऐकायला गोड. पण ते अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत तुझ्या नावानं अडकवून ठेवतात. बाकीच्या रकमेचे हप्ते मात्र सुरू होतात आणि हप्त्याला पाऊस कळत नाही. शिवाय ही योजना नव्या प्रकल्पांना आहे, म्हणून ती अर्धवट तयारीत वाया घालवू नकोस. मशीन घ्यायची वेळ आली, म्हणजे लाकूड कापायला, घासायला, तेव्हा बघ. मुद्रा कर्जात ५० हजारांपर्यंतचा शिशु गट आहे, त्याला तारण लागत नाही. तुला आज तेही लागत नाही. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल कुणी सांगेल, तर त्यातल्या १८ कामांत कुंभार, सुतार, मूर्तिकार आहेत, चित्रकार नाही. पंचायतीत उगाच हेलपाटे घालू नकोस.

दोन कागद मात्र आत्ताच कर. एक, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. आधार लागतं, ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पाचशे-हजार मागणारा एजंट भेटला तर वाट बदल. दोन, हस्तकला कारागिराचं ओळखपत्र, केंद्राच्या हस्तकला विभागाचं, त्यानं प्रदर्शनांत जागा मागता येते. उद्यमचा उपयोग मला फार उशिरा कळला. एका हॉटेलानं माझ्याकडून मेनूकार्डं छापून घेतली आणि ११ महिने पैसे दिले नाहीत. दर वेळी अकाउंट्समधली एक मुलगी "साहेब मीटिंगमध्ये आहेत" सांगायची. (तू नव्हेस ना ती?) कायदा २००६ सालापासून आहे. छोट्या उद्योजकाचे पैसे ठरल्या मुदतीत आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. पण त्यासाठी नोंदणी हवी आणि मागणी कागदावर हवी. तू हॉटेलांना, बिल्डरांना पाट्या देशील तेव्हा निम्मे पैसे आधी घे आणि बिलावर उद्यम क्रमांक छाप. त्या क्रमांकानं साहेबांच्या मीटिंगा लवकर संपतात असा अनुभव आहे.

जीएसटीची काळजी आज नको. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत गोव्यातल्या गोव्यात ती लागत नाही. तुझी उलाढाल आज ४० हजार ८००.

बाबांच्या लग्नाबद्दल मी काय बोलणार. एवढंच म्हणेन की येणाऱ्या मुलाला "ही संध्याकाळी सात ते दहा काम करते, तिच्या खोलीत वॉर्निशचा वास असतो" हे आधीच कळलेलं बरं. ज्याला तो वास चालतो तो पुढचंही चालवून घेतो.

नोकरी केव्हा सोडायची? मी तारीख देत नाही, खूण देते. पाट्यांतून खर्च जाऊन महिन्याला १४ हजार उरू लागले, आणि असं सलग सहा महिने झालं, आणि त्या सहांत जून-जुलै आले, तर मला परत लिही. नुसता नोव्हेंबर ते एप्रिलचा हिशेब मी मानणार नाही. आज तुझी नोकरी ही तुझी पावभाजी आहे. शिवाय तिथून तुला फुकट शिकायला मिळतंय ते बघ. हॉटेल कुणाकडून काय विकत घेतं, किती दिवसांनी पैसे देतं, खोल्यांच्या क्रमांकाच्या पाट्या कोण पुरवतं. हे शेवटचं विचार. विचारायला तुला चार टेबलं ओलांडून खरेदी विभागात जायचंय फक्त.

आता ३४ कडे. आज रात्री चित्र काढू नकोस. वही घे आणि ३४ नावं लिही. नातेवाईक आणि मैत्रिणी यांच्यावर फुली मार. उरलेल्यांपुढे लिही, तुझ्याकडे कुणामुळे आले. मग बघ, एकच नाव दोन-तीनदा येतंय का? कुणी दुसऱ्यांदा घेतली आहे का, आईच्या घरासाठी, भावाच्या फ्लॅटसाठी? तू विचारलंस ना की लोकांनी सुरुवात कशी केली? माझी पडवीत झाली नाही आणि शोकेसमध्येही झाली नाही. आमच्या गावच्या एका बाईनं थोरल्या लेकीच्या लग्नपत्रिका माझ्याकडे छापल्या आणि दोन वर्षांनी धाकटीच्या छापायला तीच आली, विहिणीला घेऊन. मी तेव्हा शाईनं माखलेले हात पदराला पुसत होते आणि मला काही मोठं घडलंय असं वाटलंही नाही. तुझ्या वहीत तशी दोन माणसं जरी सापडली तरी सुरुवात मागेच झालेली आहे.

एकही सापडलं नाही तर घाबरू नकोस, पण भाव, लाकूड आणि पावसाची परीक्षा आधी, बाकी सगळं मागाहून.

माझ्या घराची पाटी उतरवून दोन वर्षं झाली, भिंतीवर नुसते खिळे आहेत. भिंत पश्चिमेची, पाऊस सरळ तोंडावर येतो. घराचं नाव "पडवी". तीन अक्षरं आहेत म्हणून भाव कमी लावू नकोस. दर लिहून पाठव, निम्मे पैसे आधी देते.